जुन्या मोटारीची निगा आणि तिचा इष्टतम प्रवासवेग : अमरावती-अकोला मार्गाच्या संदर्भात ‘प्रीमियर पद्मिनी’चा विचार

प्रस्तावना :

वऱ्हाडातील अनेक जुन्या घरांच्या पडवीत आजही एखादी ‘फियाट’ झाकून ठेवलेली आढळते. कागदोपत्री तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ असले तरी बोलण्यात ती फियाटच राहिली. वडिलांनी किंवा आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली ही गाडी विकण्यास मन धजत नाही आणि वापरण्याचे धाडस होत नाही, अशा पेचात तिचे मालक असतात. गाडी उभी राहिली तर गंजते. आणि नव्या गाड्यांच्या बरोबरीने पळविली तर इंजिन तापून बसते. या दोन टोकांच्या मध्ये तिचा एक स्वाभाविक वेग असतो. तो कोणता, तो कशावरून ठरतो आणि निगा राखण्याच्या कामाशी त्याचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी अमरावती-अकोला हा सुमारे ९५ कि.मी. लांबीचा मार्ग घेतला आहे. कारण येथील ऊन, पाणी आणि रस्ता या तिन्ही गोष्टी या प्रश्नाला स्वतःचे असे वळण देतात.

मोटारीची पार्श्वभूमी :

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या व नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बांधल्या. इटलीत १९६२ साली आलेली ‘फियाट ११०० डी’ भारतात साठीच्या दशकाच्या मध्यापासून तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तीच प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपेपर्यंत फारसा बदल न होता निघत राहिली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिची प्रतिस्पर्धी अँबेसेडर, जी सरकारी कचेऱ्यांच्या आवारात अधिक दिसे, तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ साली थांबले.

याचा अर्थ असा की आज सर्वांत तरुण पद्मिनीही दोन दशकांहून अधिक वयाची आहे, आणि तिचा आराखडा तर साठ वर्षांपूर्वीचा आहे. हा आराखडा ज्या रस्त्यांसाठी केला गेला, त्यांवर ताशी ६० ते ७० कि.मी. हा भरधाव वेग समजला जाई. मालकाने पहिल्यांदा ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही आहे. गाडीचा कमाल वेग आणि गाडी तासन्‌तास बिनतक्रार राखू शकेल असा वेग या दोन भिन्न गोष्टी होत.

वेग वाढला की नेमके काय वाढते :

पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी. क्षमतेचे, चार सिलिंडरांचे. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. व दट्ट्याची धाव ७५ मि.मी. नवी असताना शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या आसपास. पिळबल मात्र सुमारे ३००० फेऱ्यांनाच सर्वाधिक. गिअर चार, पाचवा नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिन व मागचा दांडा एकाच गतीने फिरतात. मागील आसाचे गुणोत्तर ४.३ व चाकाचा परीघ सुमारे १.८४ मीटर धरला, तर इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांमागे गाडी ताशी २५.७ कि.मी. जाते. म्हणजे ताशी ६५ कि.मी. वेगाला सुमारे २५३०, ८० ला ३११० आणि १०० ला ३८९० फेऱ्या. आजच्या पाच किंवा सहा गिअरच्या गाडीत चालकाला शंभरच्या वेगालाही इंजिनाचा आवाज फारसा जाणवत नाही; पद्मिनीत तो बोलणे अशक्य करतो. हा आवाज केवळ गैरसोय नसून मोजमाप आहे. शंभरच्या वेगाला प्रत्येक दट्ट्या सरासरी सेकंदाला ९.७ मीटर या गतीने वर-खाली होत असतो, ६५ ला ६.३ मीटरने. झीज, तेलाचे तापणे आणि बेअरिंगवरील भार ही सर्व या आकड्यामागे येतात.

आता हवेच्या विरोधाकडे वळू. रस्त्याचा घर्षणविरोध वेगानुसार फारसा बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. चार माणसांसह गाडीचे वजन ११८० कि.ग्रॅ., घर्षणगुणांक ०.०१५, त्या काळच्या उभट बांधणीसाठी वायुविरोध गुणांक ०.४५ आणि समोरचे क्षेत्रफळ १.९ चौ.मी. असे गृहीत धरून हिशेब केला तर चाकांवर लागणारी शक्ती ताशी ६० कि.मी.ला सुमारे ५ किलोवॅट, ८० ला ९ आणि १०० ला १५ किलोवॅट येते. गृहीतके थोडी इकडे-तिकडे झाली तरी चित्र बदलत नाही : वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढविला की शक्तीची गरज तिप्पट होते. नव्या इंजिनाची कमाल शक्तीच ३० किलोवॅटच्या आसपास. रिंगा झिजलेल्या, व्हॉल्व्ह नीट न बसणाऱ्या इंजिनाची त्याहून बरीच कमी. शंभरच्या वेगाने धावणारी जुनी पद्मिनी आपल्या उरलेल्या ताकदीचा मोठा वाटा सतत खर्च करीत असते.

मग वेग शक्य तितका कमी ठेवावा काय? इंधनबचतीपुरता विचार केला तर उत्तर जवळजवळ होकारार्थी आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ कि.मी. वेग सुचवीत आली, तो याच गणितामुळे. अमेरिकेने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ कि.मी.ची मर्यादा घातली, तीही इंधनासाठीच. ती १९९५ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकली. परंतु जुन्या गाडीच्या मालकासाठी इंधन हा अनेक हिशेबांपैकी एक आहे. वरच्या गिअरमध्ये ताशी ४० च्या खाली इंजिन ओढून चालते, हादरते, दांड्याच्या सांध्यांना धक्के बसतात आणि तेलाचा दाबही उतरतो. शिवाय चौपदरी मार्गावर मागून येणाऱ्या ट्रकसमोर ४० च्या वेगाने रेंगाळणे हे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय.

ऊन आणि खारे पाणी :

वऱ्हाडात या प्रश्नाचे खरे मर्म उष्णतेत आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने जितकी शक्ती चाकांकडे जाते, तितकीच उष्णता पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. रेडिएटरची ही क्षमता पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तो ४५ अंशांचाच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी, पण क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली. याच दुपारी वेग ६० वरून १०० वर नेला तर इंजिन तिप्पट उष्णता निर्माण करते, आणि रेडिएटरवर येणारा वारा मात्र पावणेदोनपटही वाढत नाही. डिसेंबरात ज्या वेगाने गाडी निर्धास्त गेली, त्याच वेगाने ती मे महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे वाफ सोडीत का उभी राहते, याचे उत्तर एवढ्या हिशेबात आहे. इष्टतम वेग ऋतूनुसार बदलतो, ही गोष्ट वाहनपुस्तिकेत सापडणार नाही.

यात भर पडते ती पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतील विहिरी व विंधणविहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे. वाटेत गाडी तापली की रस्त्याकडेच्या शेतातून बादलीभर पाणी आणून ओतण्याची रीत जुनी आहे. पण पद्मिनीच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी, ही विद्युत्‌घटाचीच रचना झाली. तीत झिजतो तो ॲल्युमिनियम. हेडमधील पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, हेड गॅस्केटच्या कडेने पाणी तेलात उतरते आणि तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होतो. शिवाय क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतो आणि आधीच घटलेली क्षमता आणखी घटते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण आणि डिकीत त्याच मिश्रणाचा पाच लिटरचा डबा, एवढी तरतूद या भागात चैनीची म्हणता येणार नाही. अडचणीत खारे पाणी घालावेच लागले तर घरी पोहोचताच ते काढून, पाण्याच्या वाटा धुवून नवे मिश्रण भरावे.

तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे हे दुसरे अरिष्ट. ॲल्युमिनियमचे हेड त्याने वाकते आणि मग ‘फेसिंग’साठी लेथवर न्यावे लागते. जुन्या हेडवर हे काम मोजक्याच वेळा करता येते. दर वेळी धातू कमी होतो. वॉटर बॉडी, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण या चार स्वस्त वस्तूंकडे दुर्लक्ष झाल्याने जितकी इंजिने उतरवावी लागतात, तितकी क्वचितच अन्य कारणाने. झाकणाची स्प्रिंग मेली की दाब राहत नाही आणि पाणी १०० अंशांनाच उकळते. दाब टिकला तर तेच पाणी आणखी दहा-अकरा अंश सहन करते. अनेक मेस्त्री गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण हिवाळ्यात इंजिन गरजेपेक्षा थंड राहते व सिलिंडर लवकर झिजतात.

इंधन :

पद्मिनीचा आराखडा झाला तेव्हाचे पेट्रोल शिसेयुक्त होते. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीवर संरक्षक थर देई. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. जुन्या बैठकींची झीज दीर्घकाळ उच्च वेगाने गाडी चालविल्यासच विशेष होते; मध्यम वेगात ती मंद असते. वेग मर्यादित ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

अलीकडचा प्रश्न इथेनॉलचा आहे. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ पर्यंत ती देशभर रूढ झाली. ऊस व धान्य उत्पादकांच्या दृष्टीने या धोरणाचे मूल्य काहीही असो, कार्ब्युरेटरच्या गाडीला ते मिश्रण जुळवून घ्यावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणास सुमारे १३.५. आजच्या गाडीतील संगणक ही दुरुस्ती आपोआप करतो. जुन्या जेटमधून मात्र पूर्वीइतकेच इंधन येते, मिश्रण विरळ पडते आणि अधिक भाराखाली व्हॉल्व्ह अधिक तापतात. उपाय म्हणजे किंचित मोठा जेट, आणि प्लगच्या रंगावर नजर : फिकट तपकिरी रंग योग्य, पांढुरका रंग विरळ मिश्रणाची खूण. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व एसी पंपाचा पडदा मऊ होऊन चिरतो, तेव्हा या वस्तू इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. अर्धी टाकी हवेतील ओलावा ओढून घेते आणि आतून गंजते.

उन्हाळ्यात इंजिनावर बसविलेल्या एसी पंपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खंडित होतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय टॅक्सीचालकांच्या पिढ्यांनी वापरला आणि तो शास्त्रशुद्धही आहे, कारण बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते. कायमचा उपाय मात्र पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे व मध्ये पत्र्याचा आडोसा देणे हाच.

थांबण्याची क्षमता :

इष्टतम वेगाच्या चर्चेत इंजिनाला नेहमीच अग्रमान मिळतो. वास्तविक तो ब्रेकला मिळावयास हवा. पद्मिनीची चारही चाके ड्रम ब्रेकची आहेत. चालकाचा प्रतिसादकाळ दीड सेकंद आणि रस्ता कोरडा धरला तर ताशी ६५ च्या वेगाने गाडी सुमारे ६० मीटरमध्ये, ८० ने ८३ मीटरमध्ये व १०० ने जवळपास १२० मीटरमध्ये थांबेल; तेही ब्रेक उत्तम स्थितीत असतील तर. पुढे धावणारी आधुनिक गाडी यापेक्षा पुष्कळ कमी अंतरात थांबते. ज्या जुन्या रचनेत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीमार्गावर आहेत, तेथे एक व्हील सिलिंडर गळाला की सर्वच ब्रेक जातात. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते, म्हणून गळती नसली तरी ते दर दोन वर्षांनी बदलणे आवश्यक आहे. वर्षभर उभी असलेली गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ड्रम उघडून पाहणे हे सेल्फ मारून पाहण्याच्या आधीचे काम आहे.

चिखलदऱ्याच्या घाटाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. चिखलदरा ते परतवाडा हा उतार सुमारे ७०० मीटरचा. भरलेली पद्मिनी खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ताशी ६० कि.मी. वेगातून जवळपास ५० वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. ती सर्व ड्रमवर टाकली तर ड्रम तापून प्रसरण पावतात आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. घाटात वेग ठरवितो तो गिअर : दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ज्या वेगाला गाडी रोखून धरील, तोच उतरण्याचा वेग.

वेग शोधण्याची रीत :

सामान्य नियमांवरून प्रत्यक्ष गाडीकडे येताना प्रथम स्पीडोमीटर तपासावा लागतो. जुनी केबल व बदललेल्या मापाचे टायर यांमुळे तो सहसा खरे सांगत नाही. काटा स्थिर ठेवून कि.मी.च्या दगडांमधील पाच कि.मी. अंतर सोबतच्या व्यक्तीने घड्याळावर मोजावे. बरोबर पाच मिनिटे लागली तर वेग ६०. ४ मिनिटे ३७ सेकंदांत ६५. ३ मिनिटे ४५ सेकंदांत ८०.

दुसरी चाचणी घरंगळण्याची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ७० चा वेग घेऊन, इंजिन चालू ठेवूनच गाडी न्यूट्रल करावी आणि वेग ५० वर येण्यास किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांना मोजावे. वरील गृहीतकांनुसार सरासरी २० सेकंदांच्या आसपास यावी. १४-१५ सेकंदच लागत असतील तर एखादा ब्रेक चिकटला आहे, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा चाकाचे बेअरिंग अति घट्ट आहे. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याला हात लावून पाहिल्यास दोषी चाक बहुधा लगेच सापडते.

त्यानंतर बडनेरा ते मूर्तिजापूर आणि परत अशा फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी पहाटे ५५, ६५ व ७५ या स्थिर वेगांनी कराव्यात. टाकी प्रत्येक वेळी त्याच पंपावर काठोकाठ भरावी. परतीची फेरी टाळू नये. अकोला अमरावतीच्या पश्चिमेस असल्याने पश्चिमेचा वारा जाताना समोरून व येताना पाठीमागून असतो. ताशी १५ कि.मी.च्या समोरच्या वाऱ्यात ६५ ने धावणाऱ्या गाडीला हवा ८० चाच विरोध करते. पेट्रोलबरोबर तापमानाच्या काट्याची जागा, तेलाचा खर्च आणि हादरे यांचीही नोंद घ्यावी.

हादऱ्यांविषयी एक गोष्ट विशेष. पुष्कळ पद्मिनींचे स्टीअरिंग ६५ ते ७५ च्या दरम्यान थरथरते आणि वेग वाढविला की शांत होते. ७० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेदहा फेऱ्या घेते आणि स्प्रिंगांखालील भागाची नैसर्गिक कंपनसंख्या सामान्यतः याच परिसरात असते. हा अनुनाद होय. म्हणून ‘गाडी ८० ला मक्खन चालते’ हा अनुभव खरा असला तरी तिथून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. चाकांचे संतुलन, किंगपिन, बुश व स्टीअरिंगचे सांधे दुरुस्त केले की थरथर जाते आणि मग वेगाची निवड मोकळेपणाने करता येते.

या सर्व कसोट्या एकत्र लावल्या असता सुस्थितीतील पद्मिनीसाठी हिवाळ्यात ताशी ६५ ते ७० आणि उन्हाळ्यात ५५ ते ६० हा पट्टा हाती येतो. ८० ऐवजी ६५ ने गेल्यास अमरावती-अकोला प्रवासाला सुमारे १६ मिनिटे अधिक लागतात. मूर्तिजापूर हे ज्या शकुंतला रेल्वेचे जंक्शन, तिच्या गाड्या १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत ओढल्या. तिच्या प्रवाशांना १६ मिनिटांचा हा हिशेब बहुधा हास्यास्पद वाटला असता.

आजचा रस्ता :

अमरावती-अकोला मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ५३ चा भाग आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ कि.मी. लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज विक्रमांत झाली. जुन्या गाडीच्या दृष्टीने गुळगुळीत रस्ता हे दुधारी वरदान आहे. पाटे आणि शॉकॲब्झॉर्बर वाचतात. पण पूर्वी खड्डेच वेग आवरीत, ते काम आता चालकावर आले आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर मोटारींना ताशी १०० कि.मी. पर्यंतची मर्यादा आहे. ६५ ने जाणाऱ्याने डावी मार्गिका धरावी, मागील दिवे व इंडिकेटर ठळक ठेवावेत आणि रात्रीचा प्रवास टाळावा. सहा व्होल्ट जमान्यातील वाटावेत असे त्या गाडीचे दिवे आजच्या झगमगाटात दिसत नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारींचा वेग १२० पर्यंत असतो. तेथे पद्मिनी नेणे अयोग्यच म्हणावे लागेल, कारण धोका वेगापेक्षा वेगांमधील तफावतीत अधिक असतो. तापलेल्या लांबलचक काँक्रीटवर जुने टायर फुटण्याची भीती तर वेगळीच. गाडी कमी धावल्याने खाचा शाबूत दिसल्या तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवरील चार अंकी आकड्यात पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात, तो आकडा पाहूनच निर्णय घ्यावा.

नोंदणीचा विचारही वेळीच करावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून १० वर्षांची स्वतंत्र नोंदणी घेता येते. पद्मिनीच्या पहिल्या पिढीतील गाड्या आता या वयाला पोहोचत आहेत. मात्र अशी नोंदणी घेतलेली गाडी नित्याच्या वाहतुकीसाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल व इंधन भरणे अशा कारणांपुरतीच मुभा असते. जो प्राध्यापक आजही आठवड्यातून एकदा पद्मिनीने बडनेऱ्याहून अकोल्याला जातो, त्याला साधी नोंदणी वाढवून घेणेच सोयीचे पडेल.